शेर, शेअर आणि मिरची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘तुम्ही शेरवाले, शेअरवाले कधीपासून झालात?’ असा प्रश्न मला हल्ली तीन-चार जणांनी विचारला. शेर आणि शेअर यांत एका अक्षराचा काय तो फरक. पण दोन्हींची दुनिया निराळी. शेराला दाद मिळते, पैसे मिळत नाहीत. शेअरला पैसे मिळतात, कधी जातातही, दाद मात्र कुणी देत नाही. मी बी.ए. झालो तो मराठी विषय घेऊन. ताळेबंद वाचायला मला कुणी शिकवले नाही आणि बाजाराचा सल्ला देण्याचा परवानाही माझ्याकडे नाही. तरीही आज मी संगणकाची मेमरी आणि संगणकाची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरविषयी बोलणार आहे. त्यांचा भाव वाजवी की फुगलेला, हे तुमच्या-माझ्यासारख्याने कसे ताडावे, एवढाच प्रश्न. त्यासाठी फार लांब जायचे कारण नाही. खानदेशात दोन ठिकाणी या प्रश्नाची चांगली शाळा भरलेली आहे. एक अमळनेरला, दुसरी आमच्या नंदुरबारला, मिरचीच्या पथारींवर.

आधी मेमरी म्हणजे काय ते सांगतो. संगणकात एक भाग हिशेब करतो आणि दुसरा भाग तो हिशेब चालू असेपर्यंत आकडे लक्षात ठेवतो. या दुसऱ्या भागाला आपण रॅम म्हणतो. मोबाइलमधले फोटो, पेन ड्राइव्हमधली गाणी साठवणारी चिप ही त्याच घराण्यातली धाकटी पाती. माझ्या भाच्याचे नंदुरबारात संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. २०२५ च्या उत्तरार्धात त्याच्या दुकानात रॅमच्या पट्ट्यांचे भाव सोन्यासारखे बोलले जाऊ लागले. सकाळचा भाव संध्याकाळी नाही. काही महिन्यांत किंमत दुपटीच्या वर गेली. कारण ठाऊक असलेलेच : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अमेरिकेत आणि इतरत्र जी अजस्र संगणक केंद्रे उभी राहिली, त्यांना मेमरी लागते आणि ती इतकी लागते, की सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरेना. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा आपला जुना धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. मोठा गिऱ्हाईक दारात उभा असताना छोट्याला कोण विचारतो!

भावाबरोबर शेअरही चढले. डीरॅम जातीची मेमरी जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि ही अमेरिकेची मायक्रॉन. मायक्रॉनचा शेअर २०२५ या एका वर्षात तिपटीहून वर गेला. कोरियाच्या बाजाराचा निर्देशांक त्याच वर्षात सुमारे ७५ टक्के वाढला, आणि त्या वाढीत या दोन मेमरी कंपन्यांचा वाटा फार मोठा होता. आता परदेशी शेअर घेऊन देणारी ॲप्स आपल्याकडच्या मोबाइलवरही आली आहेत. भारतातली डीमॅट खाती २०२५ मध्ये २० कोटींच्या पुढे गेली. त्यांतली काही आमच्या शहाद्याची, तळोद्याची, नवापूरचीही असणारच.

भाचा मला म्हणाला, ‘मामू, हा माल माझ्या हातातून जातो. भाव मला आधी कळतो. मग शेअर मी नाही घ्यायचे तर कुणी घ्यायचे?’

पैसे त्याचे असते तर मी गप्प बसलो असतो. पैसे आपाचे होते. आपा म्हणजे माझी थोरली बहीण, त्याची आई. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत तिने हयात घालवली. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतले सात लाख रुपये तिने बाजूला ठेवले होते. आपा व्याजाला हात लावत नाही, त्यामुळे मुदतठेवीचा रस्ता तिच्यासाठी बंद. धंद्यातली भागीदारी मात्र तिला मंजूर. तिथे नफ्याबरोबर तोटाही वाटून घ्यावा लागतो. शेअर म्हणजे भागीदारीच, असे भाच्याने तिला पटवले, आणि ते खरेही आहे. मग तिने मला बोलावून घेतले. ‘तू पेपर वाचतोस. मला एवढंच सांग, हा सगळा धंदा केवढ्याला धरलाय?’

श्रोतेहो, शाळेत गणित शिकवलेल्या बाईचा हा प्रश्न मला शेअर बाजारातला पहिला आणि शेवटचा प्रश्न वाटतो. एका शेअरचा भाव हजार आहे की दहा हजार, याला काही अर्थ नाही. सगळे शेअर मोजा, भावाने गुणा. आली ती अख्ख्या धंद्याची किंमत. तो धंदा वर्षाला किती कमावतो ते पाहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. याला बाजारातली माणसे पीई म्हणतात. म्हणजे मी आज घातलेला पैसा धंद्याच्या आजच्या कमाईतून किती वर्षांत वसूल होईल, ती वर्षे.

आता अमळनेरला जाऊ. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारहून गाडीत बसले, की दोंडाईचा, नरडाणा करत आपण तिथे पोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा मीही गेलो होतो. साने गुरुजींचे गाव म्हणून कवितांचे बोलणे व्हायला हवे. पण चहाच्या टपरीवर बोलणे निघाले ते विप्रोच्या शेअरचे. अमळनेरात हे असेच होते म्हणतात.

तिथली गोष्ट थोडक्यात अशी. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. आमच्या खानदेशात शेंगदाणा मुबलक, रेल्वे दारात. १९६६ मध्ये ते वारले आणि अमेरिकेत शिकत असलेले त्यांचे २१ वर्षांचे चिरंजीव अझीम परत आले. १९७७-७८ च्या सुमारास आयबीएम भारतातून निघून गेली आणि संगणकांच्या बाजारात जागा मोकळी झाली. तूप-साबणवाल्या कंपनीने त्या जागेत उडी घेतली आणि ती संगणक बनवू लागली. म्हणजे आज आपण ज्याला हार्डवेअरचा शेअर म्हणतो, तो अमळनेरच्या घरोघरी पत्र्याच्या पेटीत आधीपासूनच पडून होता; तुपाच्या नावाने घेतलेला.

पुढे बोनस शेअर आले, शेअरचे तुकडे झाले. १९८० मध्ये १०० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर ज्याच्याकडे होता, त्याच्याकडे २००० साली, काहीही न करता, दोन रुपये दर्शनी किमतीचे ९,६०० शेअर झालेले होते. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांतल्या एकेकाचा भाव दहा हजारांच्या जवळ गेला. गुणाकार तुम्हीच करा. एका शेअरचे नऊ कोटींच्या वर. अमळनेरच्या या दंतकथेने खानदेशातल्या किती तरुणांची झोप उडवली असेल, त्याची गणती नाही. माझ्या भाच्याचीही तिनेच उडवली आहे.

पण दंतकथेचा एक अर्धा भाग टपरीवर सांगितला जात नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जो विकत होता त्याच्यासमोर कुणीतरी विकत घेणाराही होता. त्याने अख्खा धंदा केवढ्याला धरला? शेअर सुमारे २३ कोटी, भाव जवळजवळ दहा हजार. म्हणजे सव्वादोन लाख कोटी रुपये. आणि कंपनीचा त्या वर्षीचा नफा होता तीनशे कोटींच्या आसपास. भागाकार साडेसातशेच्या जवळ येतो. ज्ञानेश्वरी सांगून झाली १२९० साली. तेव्हापासून २००० सालापर्यंत जितकी वर्षे लोटली, त्याहून जास्त वर्षे त्या भावाने पैसा वसूल व्हायला लागणार होती.

अर्थात नफा तितकाच राहणार नव्हता, तो वाढणार होता. आणि तो वाढलाही! खरी गंमत इथे आहे. २०१९-२० या वर्षात विप्रोचा नफा ९,७०० कोटींच्या घरात होता, म्हणजे तीसपटीहून जास्त. घेणाऱ्याचा अंदाज मुळीच चुकला नव्हता. संगणक आले, सॉफ्टवेअर आले, कंपनी मोठी झाली. तरीही दीड वर्षात, सप्टेंबर २००१ पर्यंत, त्याच्या पैशाचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. आणि मधले सारे बोनस धरूनही शेअरचा तो जुना भाव पुन्हा दिसायला २०२० चा दिवाळीचा सुमार उजाडावा लागला. मध्ये लाभांश मिळाला, २०१३ मध्ये साबण-तेलाचा धंदा वेगळा निघाला तेव्हा थोडे हाती आले, ते सोडा. वीस वर्षे! कंपनी उत्तम, माणसे सचोटीची, अंदाज बरोबर आणि तरी सौदा खराब, कारण पुढच्या वीस वर्षांचे कौतुक त्याने पहिल्याच दिवशी रोख मोजून दिले होते. जिच्या जोरावर कंपनी संगणकाच्या बाजारात शिरली, ती घरगुती संगणक बनवण्याची बाजूही विप्रोने २०१३ मध्ये बंद करायचे ठरवले.

म्हणून ‘शेअर महाग आहे’ याचा अर्थ ‘कंपनी वाईट आहे’ असा नव्हे, हे मी भाच्याला सांगत होतो. तो हसला. म्हणाला, ‘मामू, तुम्ही म्हणता तो पीई साडेसातशे होता. मायक्रॉनचा बघा, तसा काही नाही. मेमरीवाले स्वस्त आहेत.’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि मला खरी काळजी वाटली ती तेव्हा. कारण महाग वस्तू महाग दिसली तर माणूस सावध होतो. महाग वस्तू स्वस्त दिसली तर काय करायचे?

इथून पुढे मिरची.

नंदुरबारच्या लाल मिरचीची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. पावसाळा सरला, की ओली लाल मिरची बाजार समितीत येऊ लागते. व्यापारी ती घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पसरतात. त्या पसरण्याच्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. थंडीत तिकडे गेलात तर जमिनीने लाल शालू नेसल्यासारखे दिसते. बायका रांगेने बसून देठ खुडत असतात, हवा डोळ्यांना झोंबते. मी या दृश्यावर तरुणपणी दोन-तीन कविता केल्या. त्या कुणाला आठवत नाहीत ते बरे आहे.

मिरचीच्या धंद्यातले माझे एक स्नेही आहेत. कवितेत त्यांना रस नाही. पण मला ते ‘शायरसाहेब’ म्हणतात आणि चहा पाजतात. भाच्याचा विषय मी त्यांच्याकडे काढला. रॅम म्हणजे काय हे त्यांना सांगायला मला दहा मिनिटे लागली. पुढचे सगळे त्यांनी मला सांगितले.

त्यांनी विचारले, ‘एका कंपनीची मेमरी आणि दुसऱ्या कंपनीची मेमरी, यात गिऱ्हाइकाला फरक कळतो का?’ मी म्हटले, ठरलेल्या मापाची असली तर फारसा नाही. ‘म्हणजे माल आहे,’ ते म्हणाले, ‘ब्रँड नाही. भाव आपल्या हातात नाही. ज्या वर्षी मिरचीला भाव येतो त्या वर्षी सगळ्यांचा नफा डोळे दिपवणारा असतो. पुढल्या जूनमध्ये मी बाजारात भाव बघत नाही, रोपवाटिकांत जाऊन रोपे बघतो. ज्याने कापूस लावायचा तोही मिरची लावतो. मग वर्षाने मिरचीला कुणी विचारत नाही.’

मग त्यांनी पथारीच्या जागेचा दाखला दिला. कुणी आपली पथारी, वजनकाटा, गोदाम असा सगळा धंदा विकायला काढला तर तो नेहमी भाव आलेल्या वर्षातच काढतो. म्हणतो, ‘बघा, यंदा वीस लाख कमावले. धंदा ऐंशी लाखांत देतो. चार वर्षांत वसूल!’ घेणारा नवखा असला तर भुलतो. जुना माणूस विचारतो, ‘मागल्या आठ वर्षांचे चोपडे दाखव.’ त्यात दोन वर्षे तेजीची, तीन वर्षे बेतास बात, एखादे अवकाळी पावसाचे, दोन तोट्याची. सगळ्यांची सरासरी काढली तर वर्षाला पाच लाखही पडत नाहीत. चार वर्षांत वसूल होणारा धंदा सोळा वर्षांत वसूल होत नाही. आणि याच्या उलट, मंदीत जो विकायला निघतो त्याचा नफा शून्य असतो; भागाकारच करता येत नाही. धंदा तेव्हा भयंकर महाग दिसतो. ‘मी माझी पथारी तेव्हाच घेतली,’ ते म्हणाले.

पीई कमी दिसतो तेव्हा माल महाग आणि पीई जास्त किंवा बेपत्ता असतो तेव्हा स्वस्त, ही उलटी गोष्ट मेमरीच्या धंद्याला जशीच्या तशी लागू पडते. मी जुने आकडे काढले. मायक्रॉनचे हिशेबी वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात संपते. २०१८ च्या वर्षात कंपनीने १४.१ अब्ज डॉलर कमावले. त्या वर्षी मे महिन्यात शेअर ६० डॉलरच्या वर होता आणि पीई अवघा पाच-सहा. पाच-सहा वर्षांत पैसे वसूल! त्याच डिसेंबरपर्यंत शेअर निम्म्यावर आला. २०१९ चा नफा ६.३ अब्ज, २०२० चा २.७. स्वस्त दिसत होता तो भाव तेजीच्या नफ्याने भागल्यामुळे.

हे नवे नाही. इंटेल कंपनी १९६८ मध्ये निघाली ती मेमरी बनवायलाच. जपान्यांनी इतका माल ओतला, की १९८५ मध्ये इंटेलने त्या मेमरीतून अंग काढून घेतले. मग जपान्यांची पाळी. एल्पिडा ही त्यांची शेवटची मोठी मेमरी कंपनी फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉननेच ती घेतली. जर्मनीची किमोन्डा २००९ मध्ये बुडाली. खुद्द मायक्रॉनचा शेअर जुलै २००० मध्ये ९७ डॉलरच्या आसपास होता. नोव्हेंबर २००८ मध्ये तो दोन डॉलरच्या खाली गेला, आणि जुना आकडा पुन्हा दिसायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. अमळनेरच्या त्या अज्ञात खरेदीदाराचा हा अमेरिकेतला जुळा भाऊच म्हणायचा. आपल्याकडेही साठवणीच्या धंद्यातले एक मोठे नाव होते : मोझर बेअर. फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होई. लोक सीडी वापरायचे थांबले आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. मेमरी विकणाऱ्या धंद्यात पैसे घालणाऱ्यांची स्मरणशक्ती इतकी अल्प का असावी, हा कवितेचा विषय आहे.

मग मी मिरचीवाल्यांच्या पद्धतीने चोपडे मांडले. आठ वर्षे, २०१८ ते २०२५. नफा अब्ज डॉलरमध्ये : १४.१, ६.३, २.७, ५.९, ८.७, मग २०२३ मध्ये ५.८ चा तोटा. २०२४ मध्ये जेमतेम ०.८, आणि २०२५ मध्ये ८.५. बेरीज ४१ च्या थोडी वर. आठने भागा : वर्षाला सरासरी पाच अब्ज आणि काही. आता आपाचा प्रश्न : अख्खा धंदा केवढ्याला धरला? २०२५ च्या अखेरीस शेअर २८५ डॉलरच्या आसपास होता, म्हणजे सगळी कंपनी सुमारे ३२० अब्ज डॉलरना. सरासरीने भागले तर उत्तर साठच्या वर येते. पण गंमत अशी, की नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलेल्या एका तिमाहीतच कंपनीने ५.२ अब्ज कमावले. आठ वर्षांच्या सरासरीने जे एका वर्षाचे, ते तीन महिन्यांत! या तिमाहीला चारने गुणून भागले तर उत्तर पंधराच्या जवळ येते. तीच कंपनी, तोच दिवस, तोच भाव. एका चोपडीत वसुलीला साठ वर्षे, दुसरीत पंधरा. कोणती चोपडी खरी, यावरच सगळा वाद आहे. भाव ठरवणाऱ्यांनी दुसरी चोपडी खरी धरली आहे. म्हणजे तेजीचे वर्ष हेच आता नेहमीचे वर्ष, असे मानले आहे.

तसे मानायला कारणेच नाहीत असे नाही, आणि ती झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. मिरची हजारो शेतकरी लावतात, डीरॅम मुख्यतः तीन जण बनवतात. तिघांनी हात आखडता घेतला तर पुराचे पाणी थोपवता येते. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना जी खास थरांची मेमरी लागते, ती बनवायला साध्या मेमरीच्या साधारण तिप्पट कच्ची चकती खर्ची पडते. त्यामुळे कारखाने तेवढेच असूनही माल कमी पडतो. आणि ही खास मेमरी ओळखीच्या गिऱ्हाइकाशी आधी करार करून विकली जाते, बाजार समितीत ढीग ओतून नव्हे. शेवटचे म्हणजे, २०१८ मध्ये ६० डॉलरला ‘महागात’ घेऊन जो २०२५ पर्यंत निमूट बसला, त्याचे चौपटीहून जास्त झालेच ना! महाग ठरवणे वेगळे आणि कधी पडणार ते सांगणे वेगळे. दुसरे मला येत नाही, आणि ज्याला येते असे सांगितले जाते त्याला मी अजून भेटलेलो नाही.

तरी माझा कौल विचाराल तर, २०२५ अखेरच्या भावाला मी महागच म्हणेन. मिरचीवाले जे रोपवाटिकांत बघतात ते इथेही दिसते आहे. मायक्रॉनचा अमेरिकेत आयडाहो राज्यात नवा कारखाना उभा राहतो आहे, एसके हायनिक्सचा कोरियात योंगिनला; दोन्हींतून माल निघायचा अंदाज २०२७ च्या सुमाराचा आहे. सॅमसंगही वाढवते आहे आणि चीनची चांगशिन ही चौथी कंपनी दारात उभी आहे. रोपे लागली आहेत. आणि गिऱ्हाईक म्हणजे मोजक्या चार-सहा अवाढव्य कंपन्या. त्यांतल्या दोघांनी जरी पुढल्या वर्षी हात आवरला तरी मागणीचे चित्र पालटेल. यांपैकी काहीच न घडता सगळे सुरळीत चालले, तर तो भाव वाजवी ठरेल. मला खटकते ते हेच. सगळे नीट झाले तर वाजवी, काही बिनसले तर महाग, अशा सौद्यात आपाच्या सात लाखांना काय राखीव उरते?

भाच्याचा एक मुद्दा मात्र मी खोडून काढला नाही. भाव त्याला आधी कळतो, हे खरे आहे. पण त्याला कळतो तो नंदुरबारच्या काउंटरवरचा भाव. कारखान्याच्या दारातला भाव तैवानात आणि कोरियात त्याच्या कितीतरी आधी कळतो, आणि शेअर त्याहूनही आधी हलतो. पथारीवर देठ खुडणाऱ्या बाईलाही यंदा मिरची तेज आहे हे कळतेच. तेवढ्या माहितीवर तिने गोदाम भाड्याने घ्यावे, असे कुणी म्हणत नाही.

आपाने सगळे ऐकून घेतले. वही मागून घेतली आणि आठ वर्षांची बेरीज स्वतः पुन्हा केली. एका ठिकाणी माझा दशांश खालीवर झाल्याचा तिला संशय होता, तो निघाला नाही याचे तिला थोडे वाईट वाटले असावे. तोट्याच्या वर्षावर तिने बोट ठेवले. ‘या वर्षी यांनी कामगारांचे पगार कशातून दिले?’ मी म्हटले, साठवलेल्या पैशातून आणि कर्जातून. ‘आणि त्या वर्षी शेअर कुणाला हवा होता?’ मी म्हटले, फार थोड्यांना. तिने वही मिटली.

सात लाखांपैकी तीन तिने भाच्याच्या दुकानात घातले. भागीदार म्हणून, कागद करून, तोट्यातही वाटेकरी. त्या धंद्याचे आठ वर्षांचे चोपडे तिने पाहिलेलेच होते, कारण ती लिहीत होती. घराच्या गच्चीची गळती काढायला दीड लाख गेले. उरलेल्यांचे काय करायचे ते तिने अजून ठरवलेले नाही, आणि तिला घाईही दिसत नाही. भाचा फारच हिरमुसला तेव्हा तिने त्याला एका शेअरचे पैसे दिले, पंचवीस हजारांच्या वर. अट एकच घातली : कंपनीचा तिमाहीचा हिशेब येईल तेव्हा त्याने तो मराठीत लिहून तिला दाखवायचा, नफा, साठा आणि नव्या कारखान्यांवरचा खर्च, तीन रकान्यांत. पहिला कागद त्याने आणून दिला. साठ्याचा रकाना कोरा होता. आपाने तो लाल शाईने गोल करून परत पाठवला आहे.